सप्तापुरात गाडी, कमरीपेठेत डबा

प्रभंजन तडकोडकरांनी त्या गाडीवर इतकं काम केलं होतं की आता तिला नाव ठेवायला एकच जागा उरली होती. ती चालत नव्हती.

बाकी सगळं झकास. धारवाडच्या सप्तापुरात, जिथं दर दुसऱ्या घरानं विद्यार्थ्यांना खोल्या भाड्यानं दिल्यात, तिथं तडकोडकरांच्या अंगणात ती जुनी फोर व्हील ड्राइव्हची पिकअप बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी सजून उभी होती. पत्र्यावरचा गंज खरवडून, लांबी भरून, पॉलिश पेपरनं बोटं सोलेपर्यंत घासून प्रभंजनरावांनी तिला पिकल्या हापूसचा रंग दिला होता. त्यांचे वडील अप्पाजी होते तेव्हा याच गाडीच्या हौद्यातून कलघटगीच्या बागेतले आंबे घरी यायचे, म्हणून तो रंग. चारी चाकांवरचे पाटे बदलून गाडी वीतभर उंच केली होती. टायर जाडजूड, स्टिअरिंग एका बोटानं फिरणारं, पुढं धुक्यात लावायचे पिवळे दिवे. "धारवाडात धुकं पडतं किती?" असं त्यांच्या पत्नीनं, कुसुमावतीबाईंनी विचारलं होतं. "पडलं तर?" असं उत्तर मिळालं होतं. सगळा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेल्या माणसाकडून याहून सरळ उत्तराची त्यांनीही आशा ठेवली नव्हती.

डाव्या बाजूची सीट तेवढी प्रभंजनरावांनी इतकी मागं घेऊन बोल्टनं पक्की केली होती, की कुसुमावतीबाई बसल्या की त्यांचे पाय अधांतरी लोंबायचे. "हे कुणाच्या मापाचं केलंय?" त्या विचारायच्या. प्रभंजनराव लगेच बोनेटमध्ये डोकं घालायचे.

सेल्फ मारला की इंजिन एका दमात सुरू व्हायचं. खोल्यांतली पोरं खिडक्यांशी गोळा व्हायची. प्रभंजनराव क्लच दाबून पहिला गिअर टाकायचे, ऐटीत क्लच सोडायचे, आणि गाडी जिथल्या तिथं. आवाज असा की आता दांडेलीचं जंगल पालथं घालणार, पण चाक तसूभर हलायचं नाही. कारण अशा गाडीत मोठ्या गिअरबॉक्सच्या मागं एक छोटा गिअरबॉक्स असतो. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून द्यायचं काम त्याचं. तडकोडकरांच्या घरात त्याला पहिल्यापासून 'छोटा डबा' म्हणत. तो छोटा डबा गाडीत नव्हताच. तो होता हुबळीला, कमरीपेठेत, प्रभंजनरावांच्या धाकट्या भावाच्या, मधुकरच्या दुकानात. आणि मधुकरशी प्रभंजनराव बोलत नव्हते.

आता हे कसं झालं, तर वकिलाच्या घरातच होऊ शकतं तसं झालं. अप्पाजी तडकोडकर हे दिवाणी वकील. अर्ध्या धारवाडाच्या वाटण्या त्यांनी स्टॅम्प पेपरवर अशा करून दिल्या होत्या की घरातल्या उखळाचा मुसळाशी संबंध कुठं सुटतो तेही त्यात लिहिलेलं असायचं. स्वतःच्या घरची वाटणी मात्र त्यांनी जेवणानंतर झोपाळ्यावर बसून तोंडी उरकली. "आज जे ज्याच्या दारात आहे, ते त्याचं. माझ्या पोरांना कागद कशाला पाहिजे?" पोरांनी माना डोलावल्या. गाडी सप्तापूरच्या अंगणात होती म्हणून प्रभंजनची झाली. तिच्यातला छोटा डबा त्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी खोलून मधुकरच्या बेअरिंग-पट्ट्यांच्या दुकानात नेऊन ठेवलाय, हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तोवर अप्पाजी गेले होते, आणि एक गाडी दोन भावांत, दोन गावांत वाटली गेली होती.

थोरल्याचं म्हणणं, डबा गाडीचा, गाडी माझी, तर धाकट्यानं तो आणून द्यावा. धाकट्याचं म्हणणं, अप्पाजींच्या शब्दानं डबा माझा, अण्णानं येऊन मागावा, मी नाही म्हणणार नाही. आणून देईन पण मागितल्यावर, मागेन पण आणून दिल्यावर. तिथं जे घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. किती वर्षं झाली, हे दोघांनाही मोजायचं नव्हतं.

जावांनी मात्र या भांडणात पडायचं साफ नाकारलं. कुसुमावतीबाई आणि मधुकरची बायको सुमन रोज दुपारी फोनवर तासभर बोलायच्या. त्यामुळं मधुकरला किती चमचे मीठ चालतं इथपासून सगळं प्रभंजनरावांना ठाऊक असे. श्रावणात मधुकरच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेऊन स्टेंट बसवला, तेही असंच कळलं. त्या दिवशी प्रभंजनराव "जरा सुभाष रोडच्या बाजारात जाऊन येतो" म्हणून गेले ते संध्याकाळी परतले, आणि हातात सुभाष रोडचं काहीच नव्हतं. कुसुमावतीबाईंनी विचारलं नाही. त्यानंतर गाडीच्या कामाला जो जोर आला तो बघण्यासारखा होता.

खरं सांगायचं तर प्रभंजनरावांना डबा नको होता, भाऊ हवा होता. सत्तरी आली होती. रंगाचा शेवटचा हात देताना यंदा पहिल्यांदा दम लागून ते पायरीवर बसले होते, आणि तेव्हा मनात आलेलं नाव मधूचं होतं. पण भाऊ हवा असं म्हणायची लाज वाटते माणसाला. डबा हवा म्हणायला तशी वाटत नाही. प्रभंजनरावांना मात्र तीही वाटत होती, ही त्यांच्या स्वभावाची कमाल.

"जुन्या हुबळीच्या भंगारात असले डबे ढिगानं पडलेत म्हणं," कुसुमावतीबाई एकदा म्हणाल्या. "त्यातला एक आणून बसवा की."

"दाते जुळत नाहीत."

"मोजलात काय?"

"न मोजता कळतं."

"हो की. मलाही न मोजता बरंच कळतं," असं म्हणून त्या भाजी निवडायला गेल्या.

खंडेनवमीला घराघरांत अवजारांची पूजा असते. प्रभंजनरावांनी पाने, जॅक, ड्रिल मशीन ओळीनं मांडलं, गाडीला झेंडूची माळ घातली, बोनेटवर कुंकवाची बोटं ओढली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि कोहळा फोडला. पूजा मांडली की त्या दिवशी त्या वस्तूला कामासाठी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा करून मगच उचलायची, हा त्यांच्याकडचा कडक नियम. तेवढ्यात कुसुमावतीबाईंचा फोन टुणकन वाजला. सुमननं दुकानातल्या पूजेचा फोटो पाठवला होता.

"बघा, मधुभावजींनी किती छान मांडलंय," त्या म्हणाल्या आणि फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

प्रभंजनरावांनी आधी बघितलं नाही, मग बघितलं, मग चष्मा आणून बघितलं. लेथ होता, वजनकाटा होता, आणि मधोमध चौरंगावर, केळीच्या दोन खुंटांमध्ये, तांदळाच्या राशीवर छोटा डबा बसवला होता. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. गंजाचा एक ठिपका नव्हता. ओतीव लोखंड तेलानं चमकत होतं. तोंडांना कापडाचे बोळे लावून आत धूळ जाऊ नये असं बांधलेलं होतं.

"हे यंदाच की काय?"

"दरवर्षी. त्याला पहिला मान. नंतर लेथ."

"माझ्या डब्याची पूजा करतोय हा! माझ्या!" प्रभंजनराव एकदम तापले. पण लगेच ते चष्मा पुसायला लागले. त्यांनाही कळत होतं की आपण दरवर्षी ज्या गाडीला माळ घालतो तिच्या पोटात एक भोक आहे, आणि त्या भोकात बसायचं ते तिकडं चौरंगावर बसलंय. दोघं भाऊ इतकी वर्षं एकाच देवाची पूजा करत होते, अर्धी इकडं आणि अर्धी तिकडं.

"उद्या दसरा आहे," कुसुमावतीबाई सहज म्हणाल्या. "बन्नी द्यायला जाऊन या की."

"मी? थोरला आहे मी. धाकट्यानं यायचं असतं बन्नी घेऊन."

ते मात्र खरं होतं. दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची पानं घेऊन लहानांनी मोठ्यांच्या घरी जायचं, ही रीत. थोरला आधी धाकट्याचा उंबरा चढला तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न पोटाशी धरून प्रभंजनरावांनी अनेक दसरे काढले होते. पण शेवटी ते वकिलाचे चिरंजीव. त्यांनी थोडा वेळ गाडीभोवती फेऱ्या मारल्या आणि घरात येऊन जाहीर केलं, "दसऱ्याला जायचं नाही हे खरं. नवमीला जाऊ नये असं कुठंच म्हटलेलं नाही."

कुसुमावतीबाईंनी पुरणाच्या कडबूंचा डबा आधीच भरून ठेवला होता.

धारवाड-हुबळी धावणाऱ्या चिगरी बसमधून प्रभंजनराव हुबळीला निघाले. वाटेत त्यांनी तोंडातल्या तोंडात भाषण तयार केलं. सुरुवात कडक होती, मध्ये अप्पाजी होते, शेवट डब्यानं होता. नवलूर गेलं तसं भाषणातलं कडकपण कमी झालं, उणकल आलं तेव्हा अप्पाजीही गळाले. कमरीपेठेत रिक्षातून उतरले तेव्हा हातात कडबूंचा डबा तेवढा राहिला होता.

दुकानाचं शटर वर होतं, आत उदबत्तीचा वास भरला होता. मधुकर स्टुलावर बसला होता. पूर्वी दारात वाकून शिरणारा तो उंचापुरा माणूस आता शर्टाच्या आत थोडा सैल झालेला दिसत होता.

"ये अण्णा," मधुकर म्हणाला. जणू काल संध्याकाळीच भेटले होते.

"सहज आलो होतो," प्रभंजनराव म्हणाले. "हुबळीत काम होतं."

"नवमीला? सगळी हुबळी पूजेला बसलीय, कुणाकडं काम होतं?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारे प्रभंजनराव एकटेच नाहीत जगात, पण त्यांचं भांडं फारच मोठं होतं आणि समोरच चौरंगावर होतं. त्यांची नजर तिकडं गेली ती हलेना. मधुकरनं ते बघितलं.

"श्रावणातसुद्धा असंच काम होतं काय रे?" त्यानं विचारलं. "दवाखान्याच्या कॅन्टीनचा चहा कसा होता?"

प्रभंजनरावांचा चेहरा उतरला. सुमन आतून येत म्हणाली, "मी बघितलं होतं भावजी तुम्हाला. खांबाआड बसला होता. हाक मारणार होते, तर उठून चाललात."

"वरपर्यंत यायचं होतं," प्रभंजनराव म्हणाले. इथं त्यांना खोटं सुचलं नाही. "लिफ्टपाशी आलो होतो. तू मला बघून तोंड फिरवलंस तर काय करायचं, म्हणून परत गेलो. मेला असतास तर मधू, मी तिथंच खाली चहा पीत बसलो असतो."

मग सुमननं कडबूंचा डबा हातातून घेतला, आणि घेता घेता डोळ्यांना पदर लावला. बाहेरून एक गिऱ्हाईक पट्टा मागायला आलं, त्याला मधुकरनं "नाळे बा रे" म्हणून दुसऱ्या दिवशी बोलावलं.

"डबा पाहिजे मला," प्रभंजनराव एकदाचे म्हणाले. "मागायला आलोय. बघ, मागितला."

"घे की. पण आज नाही. पूजेत बसलाय. आज हलवला तर अप्पाजी वरून खाली येतील."

"आणि उद्या दसरा! उद्या मी कसा येऊ तुझ्या दारात?"

"यायचं कशाला? आज जाऊच नको म्हणजे झालं," मधुकर म्हणाला. "सुमे, अण्णाचं अंथरूण घाल माझ्या खोलीत."

जेवायला बसल्यावर, दुसरा कडबू फोडताना प्रभंजनरावांनी इतकी वर्षं छातीवर बसलेला प्रश्न विचारलाच. "इतकं तेलपाणी करत होतास, बोळे घालून ठेवत होतास, तर आणून का दिला नाहीस रे? रिक्षात टाकला असतास तरी पोचला असता."

मधुकरनं ताटातलं तूप बोटानं सारखं केलं. "दिला असता तर तू कशाला आला असतास?" तो म्हणाला. "घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूसाठी तू येणार नव्हतास. माझ्यासाठी तर नव्हतासच. एवढं एकच माझ्याकडं होतं."

प्रभंजनरावांनी फोडलेला कडबू अर्धा करून मधुकरच्या ताटात ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी अक्षता टाकून उत्तरपूजा झाली. मधुकरला जड उचलायची मनाई, म्हणून रिक्षावाल्यानं आणि शेजारच्या सायकलवाल्यानं डबा उचलून रिक्षात ठेवला, आणि दोन्ही भाऊ त्याच्या दोन्ही अंगांना एकेक हात ठेवून धारवाडपर्यंत आले. सुमन मागून बसनं आली. येताना बन्नीची पानं, गॅस्केटचा कागद आणि मधुकरच्या औषधांची पिशवी घेऊन आली.

छोटा डबा बसवणं हे एकट्याचं काम नव्हेच. एकानं गाडीखाली आडवं होऊन जॅकनं तो केसाएवढा केसाएवढा वर घ्यायचा, आणि दुसऱ्यानं वरून, गाडीच्या तळाची झाकणी काढून, हातानं दाते दात्यांत बसवायचे. प्रभंजनराव खाली गेले. मधुकर वर दोन सीटांच्या मधे पालथा पडला. मग त्या गल्लीनं बऱ्याच वर्षांनी तडकोडकर बंधूंचं भांडण ऐकलं.

"वर घे. वर. अरे वर म्हणजे एवढं नाही!"

"तूच म्हणालास वर!"

"तुला पाटबंधाऱ्यात कुणी ठेवून घेतलं? धरण असंच बांधत होतास काय?"

"धरणाला दाते नसतात, गाढवा!"

खोल्यांतली पोरं खिडक्यांत जमली. कुसुमावतीबाई नि सुमन पायरीवर बसून भोपळ्याच्या वड्यांचं पीठ मळत, एखादं नाटक बघावं तशा बघत होत्या. शेवटी आत कुठंतरी खट्ट झालं आणि दोन्हीकडून एकदमच आवाज आला, "बसला!"

तेल भरलं, बोल्ट आवळले. मधुकर डाव्या सीटवर बसला. त्याचे लांब पाय पुढं पसरले आणि फळीवर नेमके टेकले. त्यानं एकदा पायांकडं बघितलं, एकदा सीट पक्की केलेल्या बोल्टकडं बघितलं, आणि खिडकीबाहेर तोंड केलं. प्रभंजनरावांनी सेल्फ मारला, गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी हलली. खिडक्यांतून टाळ्या पडल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि केलगेरीच्या तळ्याकडं निघाली. तळ्याच्या पलीकडं, काळ्या मातीच्या एका चिकट चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली तेव्हा मधुकरनं न सांगता छोट्या डब्याचा लीव्हर ओढला, पुढच्या चाकांनी माती धरली, आणि पिवळी गाडी रेड्यासारखी धापा टाकत वर जाऊन उभी राहिली. वर काही नव्हतं. चार बाभळी आणि एक दगड. तरी दोघं उतरून बराच वेळ ते बघत उभे राहिले.

घरी आल्यावर मधुकरनं रीतसर बन्नीची पानं अण्णाच्या हातात ठेवली नि वाकला. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु," तो म्हणाला. बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. प्रभंजनरावांनी त्याला पुरतं वाकू दिलं नाही. डॉक्टरांनी वाकायची मनाई केलेली नव्हती, पण ते म्हणाले केली असेल.

जेवणं झाली, वडे संपले, ऊन कललं. मधुकरनं चपला पायात सरकवल्या. "बरंय अण्णा," तो म्हणाला. "झालं एकदाचं काम."

आणि हे ऐकल्यावर प्रभंजनरावांच्या ध्यानात आलं. खरंच, झालं होतं. गाडी पूर्ण होती. तिला आता कमरीपेठेतलं काही लागणार नव्हतं. मागायला काही उरलं नव्हतं, आणून द्यायला काही उरलं नव्हतं. मधू आता बसमध्ये बसणार, आणि पुढच्या वेळी आपण कुठलं तोंड घेऊन, कुठल्या कामाचं सोंग करून जाणार? सोंगाशिवाय जायची सवय अजून लागायची होती. एका दिवसात लागत नाही ती.

सुमन फाटकापाशी पोचली होती. प्रभंजनराव भराभर गाडीपाशी गेले, काहीतरी उपटून आणलं आणि मधुकरच्या शर्टाच्या खिशात टाकलं. गाडीची किल्ली होती. दुसरी नव्हतीच. जुनी हरवली तेव्हा त्यांनी एकच करून घेतली होती.

"हे काय?"

"तुझ्याकडं असू दे."

"आणि तुला गाडी काढायची झाली म्हणजे?"

"तुला फोन करीन. ये म्हणेन. दोघं काढू."

मधुकरनं किल्ली खिशातून काढून बघितली आणि परत ठेवली. इतक्या वर्षांत थोरल्या भावाचा एकसुद्धा फोन त्याला आला नव्हता, हे त्याला माहीत होतं, प्रभंजनरावांना माहीत होतं, आणि पायरीवर उभ्या असलेल्या कुसुमावतीबाईंना तर दोघांहून जास्त माहीत होतं. पण ऐन सणाला डोळ्यांत पाणी आणायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"वा रे वा," त्या म्हणाल्या. "ही पिवळी बया तर माझ्या रांगोळीच्या जागेवर आडवी लावलीय! ती कोण हलवणार? का मी कार्तिकापर्यंत हौद्यात रांगोळी घालू?"

"करतो म्हटलं ना फोन," प्रभंजनराव म्हणाले. "उद्या सकाळीच करतो."

मधुकरनं खिशाचं बटण लावलं आणि वरून हात दाबून बघितला.

"लवकर कर," तो म्हणाला. "दुकान उघडायच्या आत."